उजव्या हातातली तलवार

पहिल्याच जंगलात एक मांसाहारी झाड भेटतं. लांब देठ आणि टोकाला जबडा. जबडा कधी आडवा उघडतो, कधी उभा. आडवा उघडला तर तलवार आडवीच फिरवावी लागते, उभा उघडला तर वरून खाली. दिशा चुकली की वार फुकट जातो आणि झाड चावतं. वार करायला बटण नसतं. मुठीत मावणारा प्लास्टिकचा एक तुकडा हीच तलवार, आणि आपलं मनगट ज्या कोनात फिरेल त्याच कोनात पडद्यावरचं पातं फिरतं. त्या झाडानं तीनदा चावा घेतल्यावर मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. पुढचे चार महिने रात्रीची जेवणं झाल्यावर मी उभीच असायचे, असं घरातले म्हणतात.

खेळाचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड'. तो क्योतोच्या निन्टेंडो कंपनीचा. १८८९ साली ही कंपनी सुरू झाली ती 'हानाफुदा' नावाचे फुलाफुलांचे पत्ते बनवण्यासाठी. झेल्डाची मालिका १९८६ पासूनची. लिंक नावाचा हिरव्या अंगरख्यातला एक अबोल मुलगा, झेल्डा नावाची मुलगी आणि जगावर येणारं अरिष्ट, एवढा सांगाडा बहुतेकदा असतो. बाकी सगळं दर वेळी नव्यानं रचलं जातं. २००६ साली कंपनीनं 'वी' नावाचं यंत्र काढलं. त्याच्या रिमोटला हाताची हालचाल कळायची, पण ढोबळच. त्यातला त्वरणमापक धक्का ओळखायचा, त्यामुळे टेनिस खेळताना लोळत नुसतं मनगट झटकलं तरी चेंडू पलीकडे जायचा. तरी हे यंत्र जगभरात दहा कोटींहून अधिक विकलं गेलं. २००९ साली रिमोटला जोडायला जायरोस्कोप असलेली एक डबी आली आणि हात किती अंशांत, कुठल्या बाजूला वळला हेही यंत्राला कळू लागलं. 'स्कायवर्ड सोर्ड' आला नोव्हेंबर २०११ मध्ये. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माते एइजी आओनुमा. ही डबी, किंवा ती पोटात असलेला रिमोट, नसेल तर तो खेळताच यायचा नाही. २०२१ साली त्याची सुधारलेली आवृत्ती 'स्विच' या नव्या यंत्रासाठी निघाली. मी खेळले ती ही.

यंत्र आमच्याकडे आलं ते भाचीमुळे. ती सोलापूरहून हैदराबादला शिकायला आली आणि आमच्याकडे राहू लागली. तिच्या सामानात कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची. बंगाली आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणं हा माझा व्यवसाय, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्ची, पडदा आणि शब्दकोश. व्हिडिओ गेमशी माझं काही देणंघेणं नव्हतं. एका संध्याकाळी तिनं माझ्या हातात तो तुकडा दिला, त्याचा पट्टा मनगटात अडकवला आणि म्हणाली, "मावशी, नुसतं हलवू नकोस. बघ आणि मग मार."

मी दोन दिवस धडपडत होते. तिसऱ्या दिवशी मी काकडी चिरत असताना ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, तू डावखुरी आहेस ना? मग तलवार उजव्यात का धरतेस?"

खरं तर मला याचं उत्तर चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

बालवाडीत मी पेन्सिल डाव्या हातात धरायचे. आई ती काढून उजव्या मुठीत ठेवायची. ती मारायची नाही, रागवायचीही नाही. न बोलता काढून ठेवायची, आणि पुन्हा डाव्यात गेली की पुन्हा काढून ठेवायची. जेवताना घास, पूजेत फूल, पाहुण्यांसमोर धरलेला पाण्याचा पेला, सगळ्याचं तसंच. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी तीर्थाची पळी हवेतच थांबवायची आणि मी हात बदलेपर्यंत तशीच धरून ठेवायची. उरलेलं काम शाळेत एका बाईंच्या पट्टीनं केलं. दुसरीत जाईपर्यंत मी उजव्या हातानं लिहू लागले होते. चिरणं, फेकणं, केर काढणं मात्र डाव्याकडेच राहिलं, कारण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुढे आयुष्यभर हीच वाटणी राहिली. ज्याला लोक काम म्हणतात ते उजव्या हातानं, आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते डाव्यानं.

नंतर जादवपूरला तौलनिक साहित्य शिकायला गेले. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेला तो विभाग. तिथे बंगाली मैत्रिणींनी मला पहिल्या आठवड्यातच 'न्याटा' ठरवलं. हिंदीभाषक मुली 'खब्बू' म्हणायच्या. एकेका शब्दामागे किती भाषा कसा विचार करतात हे पाहायची सवय तिथेच लागली, आणि ती सवय मी पहिल्यांदा लावली ती या शब्दाला. मराठीत 'उजवा' म्हणजे नुसती बाजू नाही; जो सरस ठरतो तो उजवा. व्रत पुरं झालं की ते उजवतात, बाईची कूस उजवते. याउलट नकोशाला आपण डावलतो. वाटणीत अन्याय झाला की डावं-उजवं झालं म्हणतो. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा आणि कुशलही. दाक्षिण्य त्यातूनच आलं. 'वाम' म्हणजे डावा आणि प्रतिकूल. पण 'वाम'चा आणखी एक अर्थ सुंदर असाही आहे, हे कोशात सापडलं तेव्हा मी ते पान खूप वेळ उघडं ठेवलं होतं. इंग्रजीतला 'सिनिस्टर' लॅटिनमध्ये नुसता 'डावा' होता. जगातल्या इतक्या भाषांचं एका गोष्टीवर क्वचितच एकमत होतं.

भाचीनं पुढे जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. "लिंकपण डावखुराच होता. आधी."

खरंच होता. पहिली वीस वर्षं या मालिकेतला नायक तलवार डाव्या हातात धरायचा. २००६ साली 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा भाग 'वी'वर आला, आणि तिथे प्रश्न उभा राहिला. बहुतेक खेळणारे रिमोट उजव्या हातात धरणार आणि पडद्यावरचा मुलगा डाव्या हातानं वार करणार, हे विचित्र दिसलं असतं. तोपर्यंत खेळ जवळजवळ तयार होता. तेव्हा त्यांनी एक अजब उपाय केला: अख्खं जगच आरशात दिसावं तसं उलटं केलं. पूर्वेचं पश्चिमेला गेलं, डावीकडचा रस्ता उजवीकडे वळला आणि लिंक उजवा झाला. जुन्या यंत्रावर त्याच खेळाची जी आवृत्ती निघाली तिच्यात तो डावखुराच राहिला. 'स्कायवर्ड सोर्ड'मध्ये तर आरशाचीही गरज उरली नाही, कारण इथे तो मुळातच उजवा घडवलेला आहे.

एका काल्पनिक मुलाचा हात कुणीतरी जपानात बदलला, याचं मला हैदराबादेत बसून वाईट वाटावं हे हास्यास्पद आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या रात्री झोप आली नाही. एका हाताला बसवण्यासाठी अख्खं जग उलटं करता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ते केलं होतं ते उजव्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल केली. उजव्या हातासाठीचा डाव्यात घेतला, डाव्यासाठीचा उजव्यात. बटणं थोडी अडचणीची झाली, पण तलवार पहिल्यांदाच माझं ऐकू लागली. पडद्यावर मात्र लिंकच्या उजव्याच हातात होती. माझा डावा हात फिरे आणि त्याचा उजवा. डावखुऱ्या माणसाचा सहज वार डावीकडून उजवीकडे जातो. तोच वार उजव्या माणसाला मनगट उलटं वळवून करावा लागतो. म्हणजे माझा सुलटा वार त्याच्या हातून पालथा पडत होता. तरी पात्याची रेषा तीच राहायची. झाडाचा जबडा आडवा असेल तर तो आडवाच कापला जायचा.

माझ्या कामाबद्दल वीस वर्षांत मला अनेकांनी समजावलं आहे. अनुवाद म्हणजे पूल, अनुवाद म्हणजे आरसा, अनुवाद म्हणजे गालिच्याची मागची बाजू. यातली एकही उपमा मला काम करताना उपयोगी पडली नाही. इथे मात्र मला जे रोज जाणवतं ते दिसत होतं. बंगालीत जे वाक्य लेखकाच्या हातून सहज सुटलेलं असतं, ते मराठीत आणताना माझं मनगट पालथं होतं. आणि मराठीत जे सहज येतं, त्यासाठी मूळ लेखकाला कष्ट पडलेले असतात. हात वेगळा, पकड वेगळी, पण वार कुठून कुठे गेला हे बदलून चालत नाही.

खेळात गिराहिम नावाचा एक खलनायक आहे. पांढरे केस, नाटकी बोलणं, अंगात मस्ती. पहिल्या भेटीत तो स्वतःची तलवार न काढता चालत येतो आणि आपला वार दोन बोटांत धरतो. आपण कितीही जोरात मारलं तरी धरतो, कारण तो आपल्या हाताकडे बघत असतो. तलवार ज्या बाजूला असेल त्या बाजूला त्याची बोटं तयार असतात. त्याला हरवायची युक्ती अशी, की तलवार एका बाजूला धरून ठेवायची, त्याची नजर तिकडे खिळू द्यायची आणि झटकन दुसऱ्या बाजूनं वार करायचा. भाचीला इथे दोन संध्याकाळी लागल्या होत्या. मला फार वेळ लागला नाही. एक हात दाखवायचा आणि काम दुसऱ्या बाजूनं उरकायचं, हे मी शाळेतच शिकले होते.

कथा थोडक्यात अशी. ढगांच्या वर स्कायलॉफ्ट नावाचं तरंगतं गाव आहे. तिथली माणसं मोठाल्या पक्ष्यांवर बसून फिरतात, आणि ढगांखाली जमीन आहे हे त्यांच्यासाठी पुराण झालेलं आहे. झेल्डा त्या ढगांखाली ओढली जाते आणि तिला शोधायला लिंक उतरतो. खाली जंगल, ज्वालामुखी आणि वाळवंट. वाळवंटात काही निळसर दगड आहेत. त्यांवर तलवार मारली की दगडाभोवतीच्या एका वर्तुळात काळ शेकडो वर्षं मागे जातो. वाळूच्या जागी गवत उगवतं, गंजलेले रूळ चकाकतात, आणि मघाशी नुसता सांगाडा होता तो यंत्रमानव उठून आपलं अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करतो. वर्तुळाच्या बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा वाळू. एका ठिकाणी तर वाळूच्या समुद्रात नाव हाकायची असते. तो दगड नावेवरच बसवलेला, त्यामुळे नावेभोवती तेवढंच पाणी आणि पलीकडे सगळं कोरडं. जुना ग्रंथ वाचताना टिपांच्या आधारानं जेवढा उजेड पडतो, तेवढ्यात चालत राहावं लागतं, तशातला हा प्रकार.

पण माझा जीव जडला तो एका पाण्याच्या मंदिरावर. इंग्रजीत त्याला 'एन्शंट सिस्टर्न' म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला पुष्करणी म्हणते. आत शिरलं की निळंशार पाणी, तरंगती कमळपानं, आणि मधोमध एक भव्य, शांत, बैठी मूर्ती. भारतीय माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. मूर्तीच्या खाली दुसरा मजला आहे. तिथे अंधार, हाडं, विषारी पाणी आणि मेलेले तरी हिंडणारे राक्षस. या तळातून वर जायला एक दोर आहे, वरच्या उजेडातून खाली सोडलेला, एखाद्या धाग्यासारखा. आपण चढू लागलो की ते राक्षसही मागोमाग चढू लागतात.

मी चढता चढता थांबले आणि त्यामुळे खाली पडले. हे मी वाचलं होतं. र्‍युनोसुके आकुतागावा म्हटलं की आपल्याकडे कुरोसावाचा 'राशोमोन' आठवतो. त्याच आकुतागावानं १९१८ साली मुलांच्या एका मासिकात 'कोळ्याचा धागा' अशा अर्थाच्या नावाची गोष्ट लिहिली. सकाळी स्वर्गातल्या कमळतळ्याकाठी बुद्ध फिरत असतात. खाली नरकात त्यांना कंदत नावाचा दरोडेखोर दिसतो. त्यानं आयुष्यात एकच चांगलं काम केलेलं असतं: पायाखाली आलेल्या एका कोळ्याला जिवंत सोडलेलं असतं. बुद्ध कोळ्याचा एक धागा खाली सोडतात. कंदत चढू लागतो. वाटेत खाली बघतो तर हजारो पापी त्याच धाग्यावरून वर येत आहेत. हा धागा माझा आहे, उतरा, असं तो ओरडतो, आणि धागा नेमका त्याच्या हातापाशी तुटतो. वर तळ्यातली कमळं होती तशीच डोलत राहतात. दुपार होत आलेली असते.

ही गोष्ट आकुतागावाकडे कुठून आली, हे शोधण्यात जादवपूरला माझं एक अख्खं सत्र गेलं होतं. १८९४ साली अमेरिकेत पॉल कारुस नावाच्या, जर्मनीतून येऊन स्थायिक झालेल्या संपादकानं 'कर्म' नावाची बौद्ध नीतिकथा इंग्रजीत लिहिली. ती घडते वाराणसीच्या वाटेवर. पांडू नावाचा जवाहिऱ्या, नारद नावाचा श्रमण, देवल नावाचा तांदूळ घेऊन निघालेला शेतकरी. त्या कथेत मरणाऱ्या एका दरोडेखोराला श्रमण कंदताची गोष्ट सांगतो. त्याच वर्षी तोल्स्तोयनं 'कर्म'चा स्वतः रशियनमध्ये अनुवाद केला. १८९८ साली डी. टी. सुझुकी यांनी ती जपानीत नेली. पुढे झेनची ओळख पाश्चात्त्यांना करून देणारे तेच सुझुकी. त्या अनुवादातून आकुतागावानं मधलं एवढंसं उपाख्यान उचललं, श्रमणाचा उपदेश वगळला, आणि त्याऐवजी तळ्याकाठची सकाळ आणि दुपार ठेवली.

म्हणजे वाराणसीच्या रस्त्यावरची गोष्ट एका जर्मन माणसानं इंग्रजीत लिहिली, ती जपानीत गेली, तिचं बालवाङ्मय झालं, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी क्योतोत ती खेळाचा एक मजला झाली. तो मजला मी हैदराबादेत, डाव्या हातात तलवार धरून चढत होते. प्रत्येक मुक्कामावर काहीतरी गळलं आहे. खेळात तर धागा तुटतच नाही. खाली बघून कुणाला हाकलायचं की नाही, हा प्रश्नच खेळणाऱ्यासमोर येत नाही. मागून येणारे फक्त राक्षस असतात आणि आपल्याला लवकर वर पोचायचं असतं. वर्गात असते तर मी यावर कडक टिपण लिहिलं असतं, की प्रतिमा राहिली आणि करुणा गेली. पण हातानं चढताना वेगळं काही कळलं. वाचताना मी नेहमी तळ्याकाठून खाली बघत असायचे. खेळताना मी धाग्यावर होते. मागून आलेले हात पायाला लागतील या भीतीनं माझा घसा कोरडा पडला, आणि कंदत का ओरडला असेल हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पटलं.

या खेळाचे दोष मला दिसत नाहीत असं नाही. त्याच तीन प्रदेशांत पुन्हा पुन्हा पाठवतात. एका अजस्र राक्षसाशी तीनदा लढवतात, आणि तिन्ही वेळा कंटाळा येतो. जायरोस्कोपची चूक हळूहळू साठत जाते. अर्ध्या तासानं आपण समोर रोखलेली तलवार पडद्यावर तिरकी दिसू लागते, मग हात सरळ धरून एक बटण दाबायचं आणि मध्य पुन्हा ठरवून घ्यायचा. पुष्कळ खेळाडूंना याचा वैताग येतो. नव्या आवृत्तीत हात न हलवता उजव्या अंगठ्याखालच्या कांडीनं तलवार फिरवायची सोय आहे, आणि भाची तसंच, गादीवर लोळत खेळते. मला तो मध्य ठरवून घेण्याचा क्षण आवडू लागला. अनुवादाच्या पंचविसाव्या-तिसाव्या पानावर वाक्यं माझ्याच चालीनं चालू लागतात. तेव्हा मूळ पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचून मीही हेच करते.

गेल्या दिवाळीत आई आली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. संध्याकाळी आमचा खेळ चालू असला की ती शेजारी वाती वळत बसायची आणि अधूनमधून विचारायची, ही कोण, तो कुठे निघालाय. तिसऱ्या दिवशी नात मागे लागली, "आजी, ये ना, एकदा मारून बघ." आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." नातीनं सुरुवातीचं ते जंगल काढलं, दोन्ही तुकडे टीपॉयवर ठेवले आणि म्हणाली, "तोंड कसं उघडतंय ते बघ, तसं काप."

आईनं वाती बाजूला ठेवल्या, उठली आणि तलवारीचा तुकडा उचलला. डाव्या हातानं. जबडा आडवा उघडला. तिनं डावीकडून उजवीकडे असा काही वार केला, की झाड एका फटक्यात पडलं. नात टाळ्या वाजवत होती. मी आईच्या हाताकडे बघत होते. त्रेचाळीस वर्षं मी तिला उजव्या हातानं लाटताना, लिहिताना, वाढताना पाहिलं होतं.

"आई, तू डावखुरी आहेस?"

"होते," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "माझ्या आईनं फडक्यानं बांधून ठेवायची माझा हात. महिनाभर." मग थोडं थांबून म्हणाली, "तुझी तर मी नुसती पेन्सिलच काढून ठेवायचे."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. तिच्या मते तिनं मला वाचवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हात बदलायचा हा निरोप तिला तिच्या आईकडून मिळाला होता आणि तो तिनं जमेल तितका मऊ करून पुढे दिला होता. इतकी वर्षं मी तिच्यावर मनातून रुसले होते, ते ती माझ्या बाजूची नव्हती म्हणून. मी अजून शब्द शोधत होते तोवर तिनं विचारलं, "पुढचं झाड कुठंय?"

आईला त्या खेळात आवडली ती फाय. फाय म्हणजे तलवारीत राहणारी निळी आकृती. हात नसलेली, झुलत्या बाह्यांची, यांत्रिक आवाजाची. देवीनं तिला लिंकच्या मदतीसाठी घडवलेलं असतं. जुने शिलालेख वाचून दाखवणं, कुणाचं बोलणं समजावणं, देवीचा निरोप पोचवणं ही तिची कामं. ती सगळं टक्क्यांत बोलते: अमुक होण्याची शक्यता पंचाऐंशी टक्के. खेळाडूंनी तिची पुष्कळ टिंगल केली आहे, कारण ती उघड दिसणारंही पुन्हा सांगते. नव्या आवृत्तीत तिची बडबड कमी केली आहे. मला तिची टिंगल जमली नाही. दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं, आणि आपण मधे आलो म्हणून लोकांनी कुरकुर करायची, हा माझाच धंदा आहे.

अलीकडे त्या टक्क्यांचं मला हसूही येईनासं झालं आहे. एका प्रकाशनाकडून मला आता यंत्रानं केलेला मसुदा येतो आणि सोबत निरोप असतो, की नव्यानं करायची गरज नाही, नुसता हात फिरवून द्या. मी तो मसुदा वाचते. बहुतेक शब्द बरोबर असतात. पण जिथे मूळ वाक्याचा जबडा उभा उघडलेला आहे तिथे वार आडवा गेलेला असतो, आणि हे एका-दोन शब्दांवर हात फिरवून सुधारत नाही. वाक्य पुन्हा पहिल्यापासून हातात घ्यावं लागतं. मोबदला मात्र हात फिरवण्याचाच मिळतो. पुढची दहा वर्षं हे काम माझ्यापाशी राहील की नाही, मला सांगता येत नाही. तोवर वाक्य पुन्हा हातात घ्यायचं, एवढं ठरवलं आहे.

शेवटी राक्षसांच्या राजाचा पाडाव होतो. मरताना तो शाप देतो, की त्याचा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल आणि या दोघांच्या वंशाला युगानुयुगं गाठेल. म्हणून मालिकेतल्या बहुतेक खेळांत नवा लिंक आणि नवी झेल्डा. त्याची कालरेषा मांडण्यासाठी मालिकेच्या चाहत्यांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत. आईला पुनर्जन्म समजावून सांगावा लागला नाही. या खेळातली देवीची धूनही तशीच आहे: मालिकेतलं झेल्डाचं जुनं अंगाईगीत उलट्या क्रमानं वाजवलं की ती तयार होते. उलटी केलेली असूनही ती मूळची वाटते.

मग तलवार चौथऱ्यात परत ठेवायची वेळ येते आणि फाय निरोप घेते. तिचं काम संपलेलं असतं. आता तिनं तलवारीत कायमचं झोपायचं. आयुष्यभर टक्के सांगणारी ती तेव्हा हिशेब सोडते. या प्रवासात आपल्याला जे वाटलं ते बहुधा आनंद असावा, अशा अर्थाचं काही ती बोलते. संपूर्ण खेळात तिनं स्वतःच्या मनाचं बोललेलं असं तेवढंच. मी ते रात्री दीड वाजता ऐकलं, शेजारच्या खोलीत भाची झोपलेली होती, आणि मी बराच वेळ दिवा लावला नाही.

आई तोवर सोलापूरला परतली होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तब्येत, पाऊस, भाचीचं जेवणखाण असं सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "ती मुलगी सुटली का गं शेवटी?"

"सुटली."

"आणि ती तलवारीतली?"

"ती झोपली, आई. तिचं काम झालं."

"झोपू दे," आई म्हणाली. "दमली असेल."